वाडा, दुकान आणि पंढरीची वाट

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात, काल्याच्या आदल्या रात्री केलेलं भाषण. बोललो तसंच लिहून दिलं आहे.)



  उद्या काल्याचं कीर्तन आहेच. आज निरूपण करायचं नाही. आज पंढरीत आपण जिथं उतरतो त्या वाड्याबद्दल बोलायचं आहे, आणि त्या वाड्याच्या आजूबाजूला जी दुकानं आहेत त्यांच्याबद्दल. काही जणांना राग येईल. येऊ द्या. राग आला की माणूस ऐकतो तरी.

आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. त्यातली सत्तरच्या वर वर्षं आपण एकाच वाड्यात उतरतो. आमच्या आज्याचं बोट धरून आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा त्या दारातनं आत शिरताना आज्यानं डोकं खाली दाबलं होतं. मोठ्या दरवाजात लहान दार असतं, त्याला दिंडी दरवाजा म्हणतात. आम्हाला वाटलं, आपली दिंडी येते म्हणून दाराला दिंडी म्हणतात! लई दिवस तसंच वाटत होतं. आत चौक, चौकाच्या चारी बाजूला सोपा, लाकडी खांब, वर कडीपाट, त्याच्यावर पांढऱ्या मातीचं माळवद. बाहेर आषाढातली दमट गरमी असली तरी सोप्यात गार. अडीचशे माणूस त्या वाड्यात झोपलंय, जेवलंय, हरिपाठ म्हटलाय. दोघी-तिघी म्हाताऱ्यांनी तिथंच देह ठेवला. तो वाडा आपला नाही, पण आपला आहे.

मागल्या आषाढीला द्वादशीचं पारणं झाल्यावर मालकांनी आम्हाला वर बोलावलं. चहा दिला. म्हणाले, "महाराज, रागावू नका. पुढच्या वर्षी दुसरी जागा बघा."

आम्ही विचारलं, "काय चुकलं का आमचं?"

ते हसले. म्हणाले, "चुकलं काहीच नाही. तुम्ही सहा दिवसांचे एकवीसशे रुपये देता. नारळ देता, उपरणं देता. आमच्या वडिलांनी ते डोळ्याला लावून घेतलं. पण माळवद गळतंय, दोन तुळया वाळवीनं खाल्ल्यात. लॉज बांधणारा माणूस दारात उभा आहे. त्याचा एक मजला एका महिन्यात जेवढं देईल तेवढं तुम्ही साठ वर्षांत दिलं नाही."

मंडळी, आम्ही खाली मान घातली. उत्तर काय द्यायचं? आपण कीर्तनात सांगतो, जुनं जपा, संतांच्या खुणा जपा. आणि जपणाऱ्याला देतो एकवीसशे. पुण्याईच्या भावानं आपण त्या वाड्यात राहिलो. त्या माणसाला पोरं आहेत, त्यांच्या फीया आहेत, औषधं आहेत. जुनं घर नुसत्या भक्तीवर उभं राहत नाही, त्याला दर पावसाळ्याला माती लागते, लाकूड लागतं, गवंडी लागतो.

आता वाड्याच्या खालची दुकानं. आपल्या सगळ्यांना ठाऊक आहेत. बुक्का, कुंकू, अष्टगंध, गोपीचंदन, तुळशीच्या माळा, टाळ, चिपळ्या, चुरमुऱ्याची पोती, पेढे, बत्तासे, बायकांचे चुडे, पलीकडं घोंगडीवाला. पंढरपूर म्हणजे देऊळ एवढंच कुणी समजू नये. देवळाभोवतीची प्रदक्षिणेची वाट, त्या वाटेवरचे मठ, फड, वाडे आणि दुकानं हे सगळं मिळून पंढरपूर. महाद्वारातनं घाटाकडं जाताना दोन्ही अंगाला जो बुक्क्याचा वास येतो ना, तो वास काढून घेतला तर आमच्यासारख्याला कळणारसुद्धा नाही की आपण पंढरीत आलो.

आणि व्यापार म्हणजे काही पाप नाही, बरं का. आपले संत कोण होते? नामदेवराय शिंपी. सावतोबा माळी, गोरोबा कुंभार, सेना महाराज नाभिक. नरहरी सोनार तर पंढरपुरातलेच. त्यांचं दुकान होतं, सोन्याचा व्यवहार होता, आणि देवाच्या कमरेच्या करगोट्याची त्यांची कथा आम्ही दर वर्षी सांगतो. तुकोबारायांचं वाण्याचं दुकान होतं. त्यांनी लोकांकडच्या कर्जाचे कागद इंद्रायणीत सोडले, म्हणून त्यांचं दुकान आपल्या ध्यानात राहत नाही, एवढंच. तेव्हा "दुकानदारांनी देव विकायला काढला" असं जे कुणी उठून बोलतं, ते आम्हाला पटत नाही. वारकरी आला की माळ घेणार, प्रसाद घेणार, घरी नातवाला काही तरी नेणार. ते विकणारा माणूस पाहिजेच. त्याचं वर्ष चार वाऱ्यांवर आहे, आषाढी, कार्तिकी, माघी, चैत्री. आपलं जसं पावसावर आहे तसं. आषाढीला पाऊस धो धो लागला आणि माणसं फिरली नाहीत तर त्याचंही पीक गेलं.

पण दुसरी बाजूपण सांगितली पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल महाराजांना दुकानदारानं पेढे चारले.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. एकादशीला प्रदक्षिणा चालली होती. रस्ता मुळात अरुंद. त्यात प्रत्येक दुकानापुढं ओटा, ओट्यापुढं फळी, फळीपुढं परातीत बुक्का, वरनं प्लास्टिकचा कागद बांबूला बांधलेला. दोन्ही बाजूनं वाट खाल्लेली. मधून दिंड्या. आपल्या दिंडीतली एक आजी तिथं घेरी येऊन पडली. मागची माणसं पुढं लोटताहेत, पुढची थांबलेली. आम्ही दोन्ही हात पसरून उभे राहिलो, ओरडून घसा बसला. आजीला बाहेर काढायला जागा नाही. अॅम्ब्युलन्स चौकात उभी, पण ती चौकातच उभी. शेवटी समोरच्या बुक्क्यावाल्यानं आपली परात आत फेकली, फळी उचलली, आणि त्या फळीवर आजीला घालून आम्ही चौघांनी चौकापर्यंत नेलं. आजी वाचली. आज इथं बायकांच्या पुढच्याच रांगेत बसलीय, नाव घेत नाही, लाजेल.

त्या दुकानदाराला आम्ही दुसऱ्या दिवशी भेटायला गेलो. बुक्का सांडून त्याचं नुकसान झालं होतं. पैसे घेईना. मग म्हणाला, "माऊली, ही फळी मी आत घ्यायला तयार आहे. पण मी एकट्यानं आत घेतली तर शेजारचा माझ्या पुढं येतो. गिऱ्हाईक त्याच्याकडं जातं. सगळ्यांनी एका दिवशी घेतली पाहिजे." हे अगदी बांधासारखं झालं. एकानं बांध सोडला की दुसरा नांगर घालतो. बांध जसा मोजणी करून, खुणेचे दगड रोवून राखावा लागतो तसंच हेही आहे.

म्हणून रस्ते मोठे करा असं जेव्हा सरकार म्हणतं तेव्हा त्यात काहीच तथ्य नाही असं आम्ही म्हणणार नाही. आषाढीला लाखो माणसं त्या गल्ल्यांत शिरतात. काही बरंवाईट झालं तर कुणाला तोंड दाखवणार? आता गेली काही वर्षं कॉरिडॉर हा शब्द आपल्या कानावर येतोय. काशीला केला तसा पंढरपुरात करायचा आराखडा निघाला, आणि पंढरपुरातल्या लोकांनी, दुकानदारांनी त्याला विरोध केला.

काशी आम्ही बघून आलो. आपल्यातली तीस-बत्तीस माणसं होती. नाथबाबांचं भागवत काशीत पुरं झालं, म्हणून आम्हा वारकऱ्यांचा काशीवर जीव आहे. तिथला कॉरिडॉर १३ डिसेंबर २०२१ ला खुला झाला. गंगेच्या घाटावरनं सरळ वर देवळापर्यंत मोकळी दगडी वाट आहे. आपल्या म्हाताऱ्या माणसांना काठी टेकत आरामात जाता आलं, बसायला जागा मिळाली, पाणी मिळालं. खोटं कशाला बोलायचं, आमचेही गुडघे दुखतात, आम्हाला बरं वाटलं. पण त्यासाठी तीनशेच्या वर घरं-दुकानं घेऊन पाडली. पाडताना घरांच्या आत दडलेली चाळीसच्या वर जुनी देवळं निघाली. आता बघा, तुम्ही म्हणाल, घरं पाडली म्हणून देवळं सापडली. आम्ही म्हणतो, त्याच घरांनी इतकी वर्षं ती देवळं पोटात धरून ठेवली होती. दोन्ही खरं आहे. मोकळ्या चौकात उभं राहिल्यावर आम्हाला आनंद झाला आणि थोडं चुकल्यासारखंही झालं. आमच्या चुलत्यांनी काशीच्या गल्ल्यांचं जे वर्णन केलं होतं, ते आम्ही शोधत होतो.

पंढरपुरात तसंच्या तसं करू नये असं आमचं मत आहे. कारण आपली वारी ही नुसती दर्शनाची नाही. काशीचा यात्रेकरू येतो, दर्शन घेतो, जातो. आपण दशमीला येतो आणि पौर्णिमेला गोपाळपूरचा काला करून निघतो. मधले दिवस आपण त्या गावात राहतो. निम्म्याहून जास्त माणसं देवळाच्या आत जातही नाहीत. नामदेव पायरीला हात लावतात, समोर चोखोबांच्या समाधीपुढं वाकतात, कळसाला हात जोडतात आणि माघारी फिरतात. त्यांची पंढरी म्हणजे त्या गल्ल्याच. मठ-वाडे गेले तर दिंड्या गावाबाहेर तंबूत जातील. नदीपल्याड पासष्ट एकरात तशी सोय केलेली आहे, आणि ज्यांना गावात जागा नाही त्यांना तिचा मोठा आधार आहे, ते नाकारत नाही. पण सगळंच पासष्ट एकरात गेलं आणि गावात फक्त लॉज आणि मोठा रस्ता उरला, तर रात्री बारा वाजता गल्लीत जो जागर ऐकू येतो तो कुठनं येणार?

जी दुकानं हलवावीच लागतील त्यांचं काय, हेही बोलू. दुकान म्हणजे चार भिंती आणि शटर नव्हे. दुकान म्हणजे वाट. प्रदक्षिणेच्या वाटेवरचं दुकान उचलून दोन गल्ल्या मागं, नव्या इमारतीत पहिल्या मजल्यावर दिलं, तर कागदोपत्री दुकान दिलं, पण धंदा काढून घेतला. डोक्यावर तुळस घेतलेली बाई जिना चढून माळ घ्यायला जाणार नाही. आणि तिथले पुष्कळ दुकानदार भाडेकरू आहेत, तीन-तीन पिढ्यांचे. मोबदला मालकाच्या नावावर निघतो. धरण झालं तेव्हा कुळाचं आणि मजुराचं काय झालं ते आपण आपल्याच नात्यागोत्यात बघितलंय. जमिनीचा चेक एकाला, आणि जमीन कसणारा उघड्यावर. म्हणून आमचं म्हणणं असं, की आधी वाटेवरची पर्यायी जागा हातात द्या, त्यात एक आषाढी त्याला धंदा करू द्या, मग जुन्याला हात लावा. आणि जिथं नुसतं ओटे, फळ्या, छपरं मागं घेऊन भागतं, तिथं घर पाडू नका. किती जागा नुसत्या अतिक्रमणातनं मोकळी होते ते आधी मोजून तर बघा.

अजून एक वाईट गोष्ट चाललीय, ती पाडापाडीपेक्षा हळू आहे म्हणून दिसत नाही. आपल्या वाड्याचंच घ्या. कुणी म्हणतं वाडा नकाशातल्या रेघेच्या आत आहे, कुणी म्हणतं बाहेर. एका गृहस्थानं मोबाइलवर नकाशा दाखवला. आमचं शिक्षण चौथीपर्यंत, आम्हाला नांगराचं तास कळतं, ती रेघ कळली नाही. पण ज्याला कळते त्यालाही पक्कं सांगता येईना. मग मालक म्हणतो, उद्या पडणारच असेल तर आज माळवदावर माती कशाला टाकू? माती टाकली नाही की पाणी मुरतं, पाणी मुरलं की तुळई कुजते. सरकारनं पाडायच्या आधी वाडा आपणच बसतो.

आता आमची स्वतःची चूक सांगतो. इथं सगळे गावचेच आहेत, लपवायचं काय. बारा वर्षांपूर्वी आपल्या गावच्या मारुतीच्या देवळाला आम्हीच वर्गणी फिरवून ऑइल पेंट मारला. काळा दगड होता, त्याला पिवळा, लाल, निळा केला. आत खाली चकचकीत फरशी बसवली. उद्घाटनाला आम्हीच कीर्तन केलं आणि सांगितलं, बघा देव कसा नटला! दोन पावसाळे गेले. रंगाखाली ओल कोंडली. दगडाचे पापुद्रे सुटायला लागले. खांबावरचं नक्षीकाम, ज्यावर आम्ही लहानपणी बोट फिरवायचो, ते रंगाबरोबर सोलून निघालं. जुन्या गवंड्यानं सांगितलं, "महाराज, जुनं बांधकाम चुन्यातलं. त्यातनं ओल येते नि उडून जाते. तुम्ही तिचं तोंड बांधलं." हे आधी विचारलं असतं तर? पण वर्गणी जमली होती, आणि वर्गणी जमली की माणसाला काही तरी चकचकीत करून दाखवायचं असतं.

हीच गोष्ट मग आम्ही पंढरीत बघितली. २०२४ साली १५ मार्चपासून देवाचं पदस्पर्श दर्शन बंद ठेवून मंदिराच्या जतनाचं काम केलं. पुरातत्त्व खात्याच्या देखरेखीखाली. मागच्या पिढ्यांनी हौसेनं बसवलेला संगमरवर, ग्रॅनाइट, फरशा काढल्या आणि मूळ दगड उघडा केला. काम चालू असतानाच, मे महिन्याच्या शेवटी, हनुमान दरवाजाजवळ तळघर सापडलं, त्यात जुन्या मूर्ती निघाल्या. २ जूनला पायावर डोकं ठेवायला पुन्हा सुरुवात झाली. त्या आषाढीला आत गेलो तेव्हा आम्हाला वाटलं, आपला आजा बघायचा ते देऊळ हे. आणि त्याच वेळी गावच्या मारुतीचा पिवळा खांब आठवला. लाज वाटली.

म्हणून मालकांनी वाड्याचं बोलणं काढलं तेव्हा आम्ही गप्प बसू शकलो नाही. त्यांना विचारलं, "काका, लॉज झाला नाही तरी तुमचं भागेल असं काही आहे का?" त्यांनी लगेच उत्तर दिलं नाही. कार्तिकीला पुन्हा बसलो, तेव्हा म्हणाले, "वर्षभर कुणी ना कुणी राहिलं पाहिजे. फक्त आषाढीवर वाडा जगत नाही." ते बरोबर आहे. मग आम्ही बाकीच्या तीन दिंड्यांशी बोललो, ज्या कार्तिकी, माघी, चैत्रीला येतात. एक दिंडी तयार आहे, दोन विचार करताहेत. चातुर्मासात काही म्हातारी माणसं पंढरीत राहतात, त्यांना दोन खोल्या लागतात, तेही भाडं होईल. खालच्या दुकानदारांनी सांगितलं, माळवद दुरुस्त झालं तर ते भाडं वाढवून देतील, कारण गळून त्यांचा बुक्का आणि चुरमुरे खराब होतात. हा शुद्ध व्यवहार आहे. यात कुणी कुणावर उपकार करत नाही.

आणि आता राग येणारी गोष्ट. शताब्दीसाठी आपण पालखीच्या रथाला चांदीचा पत्रा बसवायचा ठरवलं होतं. चार लाख दहा हजार जमलेत. सुतार आणि गवंडी नेऊन वाडा दाखवला. माळवदावरची जुनी माती उतरवणं, दोन तुळया बदलणं, पडलेली भिंत चुन्यात बांधणं, याला सव्वातीन लाखाच्या आसपास लागतील. आमचं म्हणणं आहे की चांदी थांबवावी आणि हे पैसे वाड्याला द्यावेत, त्याच्या बदल्यात मालकांनी पंधरा वर्षांचा करार लिहून द्यावा. भाडं एकवीसशेचं एकवीस हजार करावं. माणशी शंभर रुपयेसुद्धा होत नाहीत. एवढ्यात पंढरीत एक रात्र मिळते का सांगा!

समितीत दोन बैठका झाल्या. आपले चोपदार म्हणाले, "उद्या रस्त्यात वाडा गेला तर सव्वातीन लाख चंद्रभागेत." त्यांचं चुकीचं नाही. आमच्याकडं त्याला पक्कं उत्तर नाही. करारात एवढं लिहून घेता येईल की मोबदला मिळाला तर दुरुस्तीचा खर्च आधी दिंडीला परत करायचा. मालक त्याला हो म्हणालेत, वकिलाकडनं कागद करून घ्यायचा आहे. दुसऱ्या एकानं विचारलं, "देवाच्या नावानं गोळा केलेली चांदी परक्याच्या घराला कशी घालायची?" त्यांना आम्ही एवढंच विचारलं, की चांदीचा रथ पंढरीत नेऊन रात्री लावायचा कुठं? ते हसले, पण मत बदललं नाही. त्यांचा विरोध अजून आहे आणि ते इथंच बसलेत.

वर्गणी सगळ्यांची आहे. तेव्हा उद्या काला झाल्यावर, प्रसाद घेऊन पांगायच्या आधी, हात वर करून काय ते ठरवू. बायकांनीही हात वर करायचे, कारण त्या वाड्यात चुली त्यांनी पेटवल्यात. ठराव झालाच, तर काम पावसाच्या आत उरकावं लागेल. चैत्री झाली की लगेच. ज्यांना सुतारकाम, गवंडीकाम येतं त्यांनी चार दिवस काढून चला. माती उतरवायला तरणी पोरं पंधरा-वीस लागतील. पाट्या, खोरी, पहार घरनं आणायची. जेवण वाड्यातच.

पुंडलिक वरदा हरी विठ्ठल!